भुलीच्या बाई

पांढरी मारुती व्हॅन शहापूरच्या आमच्या गल्लीत वळली की प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यातली माणसं बोलायची थांबत. म्हाताऱ्या पदर तोंडावर घेत. एखादी शेजारणीला कोपर मारून पुटपुटे, "आली गो, भूलवाली आली." गाडीच्या मागच्या काचा काळ्या, आत ऑक्सिजनचं नळकांडं बैलाच्या दाव्यानं सीटला आवळून बांधलेलं. एका बाबांनी मला विचारलंच होतं, "शिस्टर, ही मढ्याची गाडी का?" मी म्हटलं, "नाही हो बाबा, मढं होऊ नये म्हणून येते ती." त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

गाडी बाई स्वतः चालवायच्या. मुरबाडहून निघायचं, सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठायचं, आणि काम झालं की त्याच रस्त्यानं परत. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. त्या रस्त्यावर चारचाकी चालवणारी बाई दिसली की गुराखी गुरं सोडून बघत राहायचे. त्यांचं नाव डॉक्टर नलिनी, पण त्या नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. आमचे डॉक्टर, आम्ही सिस्टर, पेशंट, सगळ्यांच्या तोंडी एकच, भुलीच्या बाई. त्या मूळच्या कुठल्या, घरी कोण, हे मी सांगत बसणार नाही. खरं सांगायचं तर मला फारसं माहीतही नाही. त्या सांगायच्या नाहीत आणि विचारायची माझी छाती नव्हती.

मी त्या प्रसूतिगृहात सिस्टर होते. सिझेरियन म्हटलं की सगळ्यांचे डोळे पोटाकडे लागतात, माझेही लागायचे. बाई मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, पेशंटच्या उशाशी, लोखंडी स्टुलावर बसायच्या. एक बोट तिच्या कानशिलावरच्या नाडीवर, नजर तिच्या ओठांवर. तेव्हा आमच्याकडे नाडी दाखवणारं यंत्र नव्हतं. बोट आणि डोळे हेच यंत्र. ओठांचा रंग बदलला की बाईंचा चेहरा बदलायचा, आणि बाईंचा चेहरा बदलला की मी ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे धावायचे.

आमचे डॉक्टर हाताला चपळ आणि स्वभावाला त्याहून चपळ. चाकू हातात धरून ते विचारायचे, "बाई, झालं का?"

"तुमची घाई झाली. माझं व्हायचंय."

"पोराला उशीर होतोय."

"मग बोलू नका. बोलण्यातच उशीर होतो."

असा संवाद मी इतक्यांदा ऐकला की पुढेपुढे तो झाला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

"काही होणार नाही" हे वाक्य बाईंच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. दारात नातेवाईक पाया पडायचे, "बाई, काय व्हनार नाय ना?" बाई पाय मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "होऊ शकतं. म्हणूनच मला बोलावलंय." मला याचा राग यायचा. घाबरलेल्या माणसाला दोन गोड शब्द दिले तर काय बिघडतं? एकदा मी तसं बोलून दाखवलं. बाई बूट काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "वनिता, भूल कोणीही देईल. माणूस परत आणता आलं पाहिजे. ते होईपर्यंत मी गोड कशाच्या जिवावर बोलू?" आणि खरंच, पेशंटनं पायाचा अंगठा हलवून दाखवल्याशिवाय त्या चहाला शिवायच्या नाहीत. पाठीतली भूल उतरायला वेळ लागे. बाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून त्या अंगठ्याकडे अशा बघत राहायच्या की बघणाऱ्याला वाटावं, आता तो बोलणार आहे.

पाठीतली भूल म्हणजे कण्यात बारीक सुई घालून दिलेली. कमरेखालचं काही कळत नाही, पण पेशंट जागी असते, स्वतःचा श्वास स्वतः घेते. बाईंचा कल कायम तिकडे. त्यातही धोके होतेच. रक्तदाब धाडकन उतरतो, मळमळतं, एखादीचं डोकं नंतर काही दिवस ठणकतं. हे सगळं त्या सुई देण्याआधीच सांगून टाकायच्या, त्यामुळे माणसं आणखी बिचकायची. दुसरी पूर्ण भूल. ती दिली की पेशंटचा श्वासही बाईंच्या हातात. घशात नळी घालायची आणि काळी रबरी पिशवी दाबत राहायचं. औषध आईच्या रक्तातून पोराकडेही जातं, त्यामुळे पोर लवकर काढलं नाही तर तेही पेंगत बाहेर येतं. रक्तानं भिजलेली पेशंट आली, झटके येणारी आली, तर बाई पूर्ण भूल द्यायला क्षणभरही कचरत नसत. पण उगाच कोणी मागितली तर मात्र त्यांची भुवई वर जायची.

मुरबाडकडच्या एका पुढाऱ्यानं मागितली होती. त्याची लेक बाळंतपणाला आलेली. पांढरे कपडे, बोटांत अंगठ्या, पाठीमागे चार माणसं. म्हणाला, "बाई, पैशाची काळजी करू नका. पोरीला पूर्ण झोपवा. तिला कायसुद्धा कळता कामा नये."

"का?"

"घाबरंल ती."

"ती घाबरली तर मला सांगेल. झोपलेली माणसं मला काहीच सांगत नाहीत, मग मी घाबरते."

चार माणसांतला एक फिसकन हसला आणि पुढाऱ्याचा नूरच पालटला. पोरीला पाठीत सुई दिली. रडणाऱ्या पोराचं तोंड तिला टेबलावरच दाखवलं, तर ती म्हणाली, "अय्या, बाबांवर गेलंय." तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

बाईंचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे भरलेलं पोट. शिकत असताना मोठ्या इस्पितळात त्यांनी एक पोरगी जाताना पाहिली होती. भूल चढताना पोटातलं वर आलं आणि छातीत उतरलं. एवढंच एकदा त्यांनी मला सांगितलं, पुढे काही नाही. म्हणून प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न, काय खाल्लं? आणि प्रत्येक घरचं एकच उत्तर, काय नाय. आता आमच्या भागातली रीत अशी की कळा सुरू झाल्या की पोरीला तूप घालून गरम पेज पाजायची. रिकाम्या पोटानं जोर कुठून येणार? माझ्या आईनंही मला पाजली होती, आणि मी सिस्टर असून प्यायले होते. पण खाल्लेलं असलं तर डॉक्टर कापत नाहीत, थांबवून ठेवतात, नाहीतर कल्याणला पाठवतात, ही बातमीही पाड्यापाड्यांवर पोचली होती. पोलिओच्या डोसाची बातमी इतक्या लवकर कधी पोचली नाही. त्यामुळे पेज पाजायची आणि नाही म्हणून सांगायचं, असा दुहेरी शहाणपणा सुरू झाला. बाई त्यावर तोड म्हणून पेशंटच्या तोंडाशी वाकून वास घ्यायच्या. सिद्धगडाकडून डोलीत आणलेली एक पोरगी शपथेवर उपाशी होती. बाईंनी वास घेतला आणि विचारलं, "भाकर नाचणीची का तांदळाची?" पोरगी कळ विसरून म्हणाली, "नाचनीची."

सुनंदा आली तेव्हा चैत्र होता. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरची, पहिलटकरीण, अंगानं काडी. घरी दोन दिवस कळा देऊन सुईण थकली तेव्हा कुठे जीप ठरवली. बरोबर सासू ठकूबाई आणि नवरा. नवरा भिवंडीला गोदामात कामाला, सांगावा गेला म्हणून आलेला, आणि आल्यापासून आईच्या तोंडाकडे बघत उभा. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून पोराचे ठोके ऐकले आणि त्यांचं तोंड गंभीर झालं. "पडताहेत," म्हणाले. "लगेच काढायला हवं." नशिबानं बाई दुसऱ्या एका पेशंटसाठी शहापुरातच होत्या. आल्या, आणि सुई काढायला लागल्या.

ठकूबाईनं ती लांब सुई पाहिली. "ही कुठं देनार?"

"पाठीत."

"नको. पाठीत नको. पूर्न भूल द्या."

"का, मावशी?"

"आमच्या शेजारच्या सुनंला दिली व्हती. तवापासनं कंबर धरून बसलीया. आमची भाताची शेती हाय बाई. आवणीला दिसभर चिखलात वाकाचं लागतं. वाकली नाय तर तिला घरात कोन ठेवंल?"

हे ऐकून हसू नये. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, सकाळपासून सांजेपर्यंत कमरेत मोडून. वाकता न येणारी सून म्हणजे काय, हे ठकूबाईला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बाईंनी समजावलं. कंबर सुईनं जात नाही, बाळंतपणानं दुखते, ज्यांना सुई दिली नाही त्यांचीही दुखते. ठकूबाई मान हलवत राहिली. बाई नवऱ्याकडे वळल्या. तो म्हणाला, "आय म्हनंल तसं." सुनंदा स्वतः तर कळांनी इतकी पिळवटली होती की विचारलं तेव्हा म्हणाली, "काय पन करा, पन सोडवा."

"नायतर आमी कल्यानला नेतो," ठकूबाई म्हणाली आणि सुनेच्या डोक्याखालची वाकळ गोळा करायला लागली.

कल्याणपर्यंत पोर टिकलं नसतं. डॉक्टर पोटावरची नळी काढायला तयार नव्हते. त्यांनी एकदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "ठीक आहे. पूर्ण देते. मावशी, हिनं काय खाल्लं?"

"पान्याचा थेंब नाय. कालधरनं उपाशी."

"नक्की?"

"उपाशी हाय म्हन्ते ना."

बाई सुनंदाच्या तोंडाशी वाकल्या. सुईणीनं तिच्या कपाळाला, छातीला, पोटाला हिंगाचं तेल इतकं चोपडलं होतं की मला दोन हातांवरून तोच वास येत होता. बाई पुन्हा वाकल्या. मग सरळ झाल्या. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं की त्यांना काही कळलेलं नाही.

सुनंदाला आत घेतलं. बाईंनी माझं बोट धरून तिच्या गळ्यावर, घाटीच्या खाली ठेवलं. "इथं दाब, पोटातलं वर यायला नको. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." औषध गेलं, पोरीच्या पापण्या मिटल्या, आणि पुढच्याच श्वासाला तिच्या तोंडातून पांढरी पेज भळकन वर आली. शितं होती तिच्यात.

मी दाब सोडला नव्हता, तरी आली. बाईंनी तिची मान एका अंगाला वळवली, टेबल डोक्याकडून खाली केलं, घशातलं ओढून काढलं, नळी घातली. त्या ओरडल्या नाहीत. इतक्या हळू बोलत होत्या की मला वाकून ऐकावं लागलं. सुनंदाचे ओठ जांभळासारखे झाले होते. बाईंच्या एका हातात नळी, दुसऱ्या हातात काळी पिशवी. पिशवी दाबली की छाती जेमतेम उचलायची.

आणि त्याच वेळी डॉक्टरांनी पोर बाहेर काढलं.

मुलगा होता. निळा, लुळा, हातपाय लोंबत असलेला. रडला नाही. रडण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही. डॉक्टरांनी तो माझ्या हातात दिला. त्यांचे हात परत पोटात गेले, तिथं रक्त वाहत होतं. "बाई, पोर बघा! पोराला नळी घाला!"

आमच्याकडे पोरांचा डॉक्टर नव्हता. निपचित पोराच्या घशात नळी घालता येणारं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते सुनंदाच्या उशाशी बसलं होतं. दोन जीव, आणि हात एकाच माणसाचे. पाठीत सुई दिलेली असती तर सुनंदा आपला श्वास आपण घेत पडली असती आणि बाई उठून पोराकडे गेल्या असत्या. त्या खोलीत हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"बाई, इकडे या! एक क्षण या!"

"हात काढला तर ही जाईल," बाई म्हणाल्या. "वनिता, तू कर. तोंड साफ कर. पाठ चोळ. मास्क लाव."

मी चोळलं, पुसलं, मास्क लावला. हवा कडेनं फुसफुसत निघून जात होती. मी बाईंकडे पाहिलं. बाई रडत होत्या आणि पिशवी दाबत होत्या. पोराकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग परत सुनंदाच्या ओठांकडे. खूप वेळानं पोरानं एक आचका दिला. मग दुसरा. मग मांजरीच्या पिल्लासारखा आवाज काढला, आणि आम्ही सगळ्यांनी तो श्वास मोजायच्या आधीच मानलं की जिंकलो.

सुनंदाला बाईंनी आपल्याच गाडीतून ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं; पोर आणि ठकूबाई आमच्याकडेच राहिली. छातीत गेलेल्या पेजेनं तिला ताप चढला, पण ती वाचली. तिला भेटून परतल्यावर बाईंनी ठकूबाईला मागच्या अंगणात टाकीपाशी बोलावलं. मी तिथं चादरी भिजवत होते. मला जा म्हणाल्या नाहीत.

"पेज कधी पाजलीत?"

म्हातारी टाकीच्या कठड्यावर बसली. "जीपमदी. दोन दिस पोटात काय नव्हतं वो तिच्या. जोर कुठून येनार? सांगितलं असतं तर तुमी कापलं नसतं, आमाला परत लावलं असतं." मग तिनं बाईंचे पाय धरले. "लेकाला सांगू नका. तो मला घराभायेर काढील."

माझ्या हातातली चादर मी अशी आपटली की पाणी तिघींच्या अंगावर उडालं. बाई म्हणाल्या, "नाही सांगणार." आणि त्यांनी ते कधीच सांगितलं नाही.

मुलाचं नाव किसन ठेवलं. तो मान धरायच्या वयात मान धरेना, बसायच्या वयात बसेना. हातपाय ताठ, तोंडातून लाळ. गावात बोलायला किती वेळ लागतो? "बाईनं आईची भूल उतरवली, पोराची उतरवायची इसरली," असं बोलणं सुरू झालं. कोणी म्हणे तिनं पोराकडे बघितलंसुद्धा नाय, आईच्या डोक्याशी बसून राहिली. यातलं शेवटचं खरंच होतं, म्हणून ते खोडता येईना. सिझेरियन म्हटलं की माणसं आधी विचारू लागली, भुलीच्या बाई येनार का? मग आमी कल्यानला जातो. त्या नादात दोघी वाटेत गेल्या. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही, पण रोज पूजेच्या वेळी मला आठवतात.

म्हशाच्या जत्रेत एकदा बाई मला भेटल्या. माझं माहेर तिथून जवळ, मी घोंगडी घ्यायला गेले होते. बैलबाजाराच्या कडेला बाई एका दोरखंडवाल्यापाशी उभ्या होत्या, नळकांड्याचं दावं कुजलं होतं म्हणून. शेजारी दोन बाया बांगड्या भरत होत्या. त्यांतल्या एकीनं बाईंना ओळखलं आणि कडेवरच्या लेकराचं तोंड झटक्यानं आपल्या छातीत दाबलं. दृष्ट लागू नये म्हणून दाबतात तसं. बाईंनी ते पाहिलं. दावं ओढून त्याचा पीळ तपासला आणि म्हणाल्या, "दे हे."

मला राहवलं नाही. "बाई, सांगून टाका ना खरं. किती दिवस ऐकून घेणार?"

"खरं सांगितलं तर किसन चालेल?"

"तुमचं नाव तरी धुऊन निघेल."

"त्या पोराला भरवतं कोण, माहितेय? ती म्हातारी. सुनंदा मजुरीला जाते. नवरा भिवंडीला. म्हातारीला घराबाहेर काढलं तर त्याच्या तोंडात घास कोण घालणार? तू?"

बाईंचं बरोबर होतं आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता. गर्दीतून चालताना त्या अचानक म्हणाल्या, "मी तेव्हा उठले असते तर पोर कदाचित धडधाकट असतं. आणि त्याला आई नसती. हे मी कोणाला विचारून ठरवलं नाही. विचारायला कोणी जागं नव्हतं." एवढं बोलून त्या बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाबद्दल बोलायला लागल्या.

मधे बरीच वर्षं गेली. नवं शतक आलं, बोटाला चिमटा लावून नाडी दाखवणारं यंत्र आलं, गल्लीत मोबाइलचं दुकान आलं. बाईंचे केस पांढरे झाले आणि हातात अगदी बारीक कंप आला. तो सुई धरली की थांबायचा, पण कपबशी धरली की दिसायचा. त्याच सुमारास एका सकाळी सुनंदा पुन्हा आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. पोट वर आलेलं, दिवस भरलेले. पहिलं सिझेरियन, म्हणून हेही सिझेरियनच ठरलेलं. शेजारी ठकूबाई, पार वाळलेली, आणि तिच्या मांडीवर शाळेत जायच्या वयाचा किसन, लांब पाय जमिनीवर लोंबत असलेला.

बाई आत शिरल्या तशी कोणी विचारायच्या आत ठकूबाई मोठ्यांदा बोलली, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. "काय खाल्लं नाय तिनं. चा पन दिला नाय. किसनची आन. आनि पाठीतच द्या सुई. आवणी गेली खड्ड्यात."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरं, मावशी."

सुनंदाला आत घेताना तिनं बाईंचं मनगट धरलं. "बाई, एक मागनं हाय. त्या वेळंला तुमी मला धरून बसलात, पोराकडं आला नाय. सगली सांगतात. मी तुमाला बोल नाय लावत. पन या टायमाला तसा परसंग आला तर मला सोडा. पोराकडं जा. आन घ्या."

मला वाटलं, आता तरी बाई बोलतील. पेजेचं सांगतील. बाईंनी आपलं मनगट सोडवून घेतलं नाही. "शपथ मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण या वेळी तू जागी असशील. तेव्हाचं तेव्हा तूच सांग."

बाईंना काम करताना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढे कंप वाढला, सुई धरूनही थांबेना, तेव्हा त्यांनी गाडी विकली आणि मुरबाडही सोडलं. पण त्या सकाळी हात थांबला. सुई एका दमात लागली. सुनंदाचे पाय जड झाले, रक्तदाब उतरला, बाईंनी औषध देऊन वर आणला. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि शिवी हासडली. आतलं पाणी हिरवं होतं. पोरानं पोटातच शी केली होती.

मुलगी निघाली. लुळी. मी तिला घेतलं, तोंड साफ केलं, मास्क लावला. एवढ्या वर्षांत बाईंनी मला ते घोटून घोटून शिकवलं होतं. पण छाती उचलेना. आत काहीतरी अडकलं होतं, नळी हवी होती, आणि ती मला येत नव्हती. मी मान वर केली. बाईंचं बोट सुनंदाच्या कानशिलावर होतं. त्या उठल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. जत्रेत बोललेलं सगळं त्यावर होतं.

"का रडत नाय ती?" सुनंदानं विचारलं. तिनं मान वाकडी करून बाईंकडे पाहिलं. "जा ना बाई. मी घेते श्वास माझा. जा!"

बाई उठल्या. "बोलत राहा," जाताजाता म्हणाल्या. "मला तुझा आवाज ऐकू यायला हवा. थांबलीस तर मी परत येईन."

"काय बोलू?"

"काहीही बोल. किसनचं सांग."

सुनंदा बोलायला लागली. पडद्याच्या पलीकडून, थरथरत, दम लागत. "किसनला कावला लय आवडतो. कावला वळचनीला बसला का हसतो. त्याचं हसू पघाया शेजारची पोरं येतात. त्याला अंगनात ठेवला का मान वर करतो, तेवडीच मान धरतो तो, कावल्यासाटी..." बाई माझ्या शेजारी होत्या. नळी गेली, घट्ट हिरवी घाण ओढून निघाली, बाईंनी पिशवीतून हवा दिली. त्या इवल्या छातीनं उठाव घेतला. पुन्हा घेतला. "...सासू त्याला म्हन्ते, तुजी बहीन येनार हाय, तर त्याला काय कलतं का ठाव नाय, पन हसतो..." मुलीच्या बोटांत रंग यायला लागला. तिनं पाय झाडला. बाईंनी नळी बाहेर काढली.

आणि पाठीमागचा आवाज थांबला.

यंत्र टिकटिक करत होतं, पण बाईंनी यंत्राकडे पाहिलंच नाही. त्यांचा रंग गेला होता. "सुनंदा!" त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "सुनंदा, बोल!"

"शू, बाई," पडद्याआडून सुनंदा म्हणाली. "रडतीया ती. ऐकू द्या ना जरा."

बाई तशाच अर्ध्या वळून उभ्या राहिल्या, एक हात मुलीच्या छातीवर ठेवून, आणि मुलगी रडत राहिली.